कागदावर नसलेले आठ फूट

सर, गेल्या पौषात मी तुमच्या घराचं माप घेतलं. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुमच्याकडे नकाशे काढायला शिकायला आले त्याला तीस होत आली. एवढ्या वर्षांत रेवदंड्यापासून नागावपर्यंत कोणाकोणाच्या परसात मी टेप लावली असेल, पण तुमच्या घराला कधी लावली नव्हती. वेळच आली नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

वेळ आली ती काकींमुळे. मागच्या वर्षी त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात पडल्या. त्या चार दगडी पायऱ्या, मधोमध झिजलेल्या, कायम ओलसर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरात स्टीलचा वॉकर आला आणि मागचं दार बंद झालं. पुढच्या दारातून काय दिसतं ते तुम्हाला माहीत आहे: रस्ता, अलिबागला जाणाऱ्या रिक्षा, समोरच्यांची पत्र्याची शेड. समुद्र फक्त मागून. काकी खिडकीचा गज धरून उभ्या राहायच्या आणि पाय कापायला लागले की खुर्चीत बसायच्या. एक दिवस त्यांनीच फोन केला. म्हणाल्या, "नागावला ते होमस्टेवाले करतात ना गं, लाकडाचं, दाराच्या उंचीला सपाट? तसं मला मागे करून दे. वॉकर घेऊन सरळ बाहेर जाता आलं पाहिजे. काय म्हणतात त्याला?" मी म्हटलं, "डेक." "हां, तोच. डेक."

सुतार दोन दिवसांत करून द्यायला तयार होता. पण आपल्याच आळीच्या टोकाला एकाने समुद्राच्या बाजूला असाच डेक ठोकला होता, कोणाला न विचारता. आधी नोटीस आली, मग जेसीबी आला, आणि तासाभरात सगळ्या फळ्या वाळूत पडल्या. सगळ्या आळीने ते उभं राहून बघितलं. तुमच्या मुलाने पुण्याहून स्पष्टच सांगितलं, "आई, कागद असेल तर कर. नाहीतर घराला कुलूप लावू आणि तू इकडे ये. मला तिथे नोटिसा नकोत." काकी ऑपरेशननंतर दोन महिने त्याच्याकडे राहून आल्या होत्या, सहाव्या मजल्यावर. त्याने खूप केलं त्यांचं, ते त्या नाकारत नाहीत. पण परत आल्यावर मला म्हणाल्या होत्या, "तिथे भरती कधी आली, ओहोटी कधी लागली, काय म्हणजे काय कळत नाही." तेव्हा परवानगी काढायचीच होती, आणि परवानगी काढून देणं हाच तर तुम्ही मला शिकवलेला धंदा.

माप घ्यायला गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. काकी मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि हट्टाने म्हणाल्या, टेपचं टोक मी धरते. त्यांनी टोक भिंतीला दाबून धरलं. मी पायऱ्या उतरून, माडाच्या आळ्याला वळसा घालून हद्दीच्या दगडापर्यंत टेप ओढत गेले. ग्रामपंचायतीतून तुमच्या घराच्या जुन्या मंजूर नकाशाची प्रत मी आधीच आणली होती. त्यात मागची भिंत ते हद्दीचा दगड, वीस फूट. टेप बारावर थांबली. मी ती गुंडाळली, पुन्हा लावली. बारा. "किती गं?" काकींनी वरून विचारलं. मी म्हटलं, "वारा आहे, टेप हलतेय." वारा अजिबात नव्हता.

आत येऊन मी नकाशा ओट्यावर पसरला. मागचं स्वयंपाकघर, आठ फूट, कागदावर नाहीच. चूल, मोरी, मांडणी, मागचं दार, आणि ज्या चार पायऱ्यांवरून काकी पडल्या त्या पायऱ्या, सगळं कागदाच्या हिशोबाने मोकळ्या परसात. खालच्या कोपऱ्यात तुमची सही. आणि अक्षर माझं. एकोणीस वर्षांच्या मुलीचं, प्रत्येक आकडा कोरून काढल्यासारखं अक्षर. त्या नकाशाला शाई मी भरली होती, सर.

किनाऱ्यालगतच्या घरांचं तुम्हाला काय सांगायचं? जेवढं घर मंजूर कागदावर आहे तेवढं सुखाने उभं राहतं. समुद्राच्या बाजूला एक फळी जरी वाढवायची तरी अर्ज, नकाशा, स्थळपाहणी. डेकचा अर्ज मी खरा केला तर आधी तुमचं स्वयंपाकघर उघडं पडणार. खोटा केला, म्हणजे तुमचीच जुनी रेघ पुन्हा ओढली, तर कदाचित कोणी बघायलाही येणार नाही. आणि आलं तर सही माझी, आणि कुलूप तुमच्या घराला.

त्या दुपारी मी काकींना काही बोलले नाही. अलिबागेला माझ्या कचेरीत आले, बोर्डावर कागद चिकटवला आणि तशीच बसून राहिले. तुमच्या कचेरीतला तो दिवस आठवत होता. बाजारातल्या भांड्यांच्या दुकानावरची ती माडी, खाली सतत भांड्यांचा खणखणाट. मी कोणाच्या तरी गाळ्याचा नकाशा केला होता. एका भिंतीचं माप एक इंच कमी भरत होतं आणि त्यामुळे चौकोन जुळत नव्हता, म्हणून मी तो इंच वाढवून टाकला. तुम्ही चष्मा वर करून बघता, मग गाळ्याचा मालक समोर बसलेला असताना ट्रेसिंग पेपर उचलता आणि उभा फाडता. "भिंत तुझ्या सोयीने सरकत नाही," तुम्ही म्हणता. "उद्या सकाळी जा, पुन्हा माप. जुळत नसेल तर जुळत नाही असं लिही." मालक हसतो. मी दुसऱ्या दिवशी एकटी जाते, पुन्हा मापते, आणि पंधरा दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलते.

आणि त्याच्या आधीचा एक दिवस. तुम्ही आमच्या कोळीवाड्यात आला होता, माझ्या आईला विचारायला. वाळत घातलेल्या बोंबलांच्या मांडवाखालून वाकून आलात, शर्टाला वास लागेल याची फिकीर न करता. आई हात पुसत म्हणाली, "मास्तर, पोरीची जात हाय. टेप घेऊन गावभर फिरल, तं लोकं नावं ठेवतील." तुम्ही म्हणालात, "तिला ठेवतील थोडे दिवस. तिच्या मापाला कोणी नाव ठेवणार नाही, ते मी बघतो." आईला ते किती कळलं कोण जाणे. तिने तुम्हाला चहा दिला आणि तुम्ही तो सगळा प्यालात, म्हणून तिने मला पाठवलं असं ती शेवटपर्यंत सांगायची.

मग तुमच्याच घराचा नकाशा. पुढच्या भागाची कौलं काढून स्लॅब टाकायचा होता. तुम्ही पेन्सिलीने काढलेला कागद माझ्यासमोर ठेवलात. मी म्हटलं, "सर, टेप धरायला येऊ का घरी?" तुम्ही खिडकीतून खाली बघत म्हणालात, "माझंच घर मला ठाऊक नाही का? शाई भर." मी भरली. तुम्ही सही केलीत आणि नेहमीसारखं उजेडाकडे धरून बघितलं नाहीत. ते मला तेव्हा तुमच्या विश्वासाचं लक्षण वाटलं. चांगलं वाटलं.

तीन दिवस मी दोन कागद करत होते. एकावर वीस, एकावर बारा. दोन्ही पूर्ण, दोन्ही नीट. माझा राग मला समजत नव्हता. तुम्ही खोटं माप दिलंत याचा नव्हता तो, अशी शेकडो घरं या किनाऱ्यावर आहेत आणि त्यांच्या मालकांना मी कधी वाईट म्हटलं नाही. पण एका इंचासाठी माझा कागद फाडणारा माणूस आठ फूट गिळतो आणि शाई भरायला मला बसवतो. चौथ्या दिवशी मी काकींकडे गेले आणि दोन्ही कागद त्यांच्या मांडीवर ठेवले.

त्यांनी चष्मासुद्धा मागितला नाही. "मला ठाऊक आहे," म्हणाल्या. "सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना मधल्या खोलीत ठेवावं लागलं. मग चूल कुठे मांडू? म्हणून घाईघाईने मागे वाढवलं. तेव्हा कोण विचारत होतं कोणाला? पुढे स्लॅबसाठी नकाशा द्यायची वेळ आली तर तोवर किनाऱ्याचा नियम आलेला. खरं दाखवलं तर सासूबाई आत असताना स्वयंपाकघर पाडायला लावतील, ही भीती. पंधरा दिवस घरात नुसते फेऱ्या मारत होते. तुला मुद्दाम आणली नाही मापाला. म्हणाले, पोरीला खोट्या मापाचं टोक धरायला लावणार नाही."

"शाई तर मलाच भरायला लावली, काकी."

त्यांनी कागद बाजूला ठेवले. मग दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्यांचा हात एवढा हलका झालाय, सर. "हा वीसवाला दे कचेरीत. माझं ऐक. गावात अजून लोक म्हणतात, सरांचं माप म्हणजे माप. चौदा वर्षं झाली तरी म्हणतात. ते नाव तू तुझ्या हाताने घालवणार?"

मी म्हटलं, मला वीसवर सही करता येणार नाही. म्हणाल्या, "मग राहू दे तुझा डेक." मी कागद गोळा केले. चप्पल घालत होते तेव्हा आतून आवाज आला, "त्यांनी तुला शिकवलं नसतं तर आज बोंबील वाळवत बसली असतीस." काकी असं बोलणाऱ्या नव्हेत. मी तशीच बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मात्र बाहेर तोंड करून रडले, आणि रिक्षावाला आरशातून बघत राहिला.

त्यानंतर अकरा दिवस आमचं बोलणं नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी रोज फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. बाराव्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज धापा टाकल्यासारखा. घरात कोणी नसताना त्यांनी मागच्या दाराची कडी काढली होती आणि वॉकर पुढे ढकलून स्वतःच पायऱ्या उतरायला गेल्या होत्या. दोन उतरल्या. तिसरीवर वॉकरचा पाय घसरला आणि खाली वाळूत गेला. काकी पायरीवर बसल्या त्या बसल्याच, ना वर जाता येईना, ना खाली. उन्हात तासभर. शेवटी मासे घेऊन येणारी बाई हाका मारत मागे आली आणि तिने त्यांना काखेत धरून आत नेलं. "लागलं नाही काही," काकी म्हणाल्या. "पण तिथे बसल्या बसल्या ठरवलं. ते गेले. त्यांचं नाव राहायचं तर राहील, नाहीतर जाईल. मला मात्र बाहेर जायचंय गं. जे आहे ते काढ."

मी बाराचा कागद दाखल केला. सोबत वेगळ्या कागदावर लिहिलं की आधीच्या मंजूर नकाशात मागचे आठ फूट दाखवलेले नाहीत, बांधकाम किनाऱ्याच्या नियमाच्या आधीचं आहे असं घरमालकीणबाईंचं म्हणणं आहे, पण त्याचा पुरावा उपलब्ध नाही. पुरावा मी खूप शोधला. घरपट्टीच्या जुन्या वहीचं तेवढंच पान वाळवीने खाल्लेलं निघालं. तुमच्या मुलाला फोनवर कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे आता नोटीस तुम्हीच मागवलीत." त्याचं काही चुकलं नाही.

स्थळपाहणीला तीन महिने लागले. ते तीन महिने मी फोनच्या आवाजाला दचकत होते. शेवटी तालुक्याच्या कचेरीतले साहेब आले, तिशीतले, मोजकं बोलणारे. त्यांनी माझ्या आकड्यांवर विश्वास न ठेवता स्वतः टेप लावली. बारा. मग जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी शेजारी धरले. काकी खुर्चीत ताठ बसलेल्या, इस्त्रीचं पातळ नेसून, जणू पाहुणे यायचे होते. मी ओट्याला टेकून उभी.

"हे जुनं अक्षर कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं."

"म्हणजे चुकीचं माप तुम्ही लिहिलंत?"

मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते, सर. तोंड उघडलं होतं. पण काकी बोलल्या, अगदी स्पष्ट, वरच्या पट्टीत. "आकडा माझ्या नवऱ्याचा. खाली सही त्यांचीच आहे, वाचा. ही तेव्हा पोर होती, सांगितलं ते लिहिलं. त्यांची आई आजारी होती म्हणून त्यांनी तसं केलं. चूक केली, पण का केली तेही लिहून घ्या." साहेबांनी पेन काढलं, पण काही लिहिलं नाही. म्हणाले, "आजी, ते लिहायला फॉर्ममध्ये जागा नसते." चेष्टेने नाही म्हणाले. त्यांनी काकींकडे पाणी मागितलं, उभ्याउभ्या प्यायले, आणि मला बाहेर बोलावून अजून दोन-तीन गोष्टी विचारून गेले.

आदेश यायला आणखी सहा आठवडे. घर राहील. मागचं आठ फूट वाढीव बांधकाम मालकाने स्वतःहून काढायचं. ते काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत उघडा लाकडी मंच करता येईल, पाया न खणता, वर छप्पर नाही, उचलून नेता येईल असा. मी तो कागद काकींना वाचून दाखवला. "म्हणजे डेक मिळाला?" मी म्हटलं, "मिळाला. स्वयंपाकघर गेलं."

भिंत पाडायला तुमचा मुलगा आला होता, दोन दिवस रजा काढून. चूल आणि मांडणी मधल्या खोलीत हलवली, जिथे तुमची आई झोपायची. पहिली पहार पडली तेव्हा काकींनी डोळे मिटून घेतले नाहीत. मलाच बघवेना. त्या आठ फुटांत माझं पान मांडलेलं असायचं, मोरीच्या बाजूच्या भिंतीशी. तुमच्या घरी मी जेवले ते सगळं तिथेच जेवले. धूळ खाली बसल्यावर आतल्या खोलीतून सरळ समुद्र दिसायला लागला, आणि तुमचा मुलगा हातातली घमेली खाली ठेवून नुसता उभा राहिला. त्याने पुण्याचं नाव नंतर काढलं नाही.

डेक आता झाला आहे. दाराच्या उंचीला, सपाट, तिन्ही बाजूंनी कठडा, उंबऱ्यापाशी वॉकर अडकू नये म्हणून मी स्वतः कडा घासून घेतली. काकी सकाळ-संध्याकाळ तिथे बसतात. गावात बोलणं झालंच. बाजारात एकाने मला विचारलं, "काय, सरांचं पण वाकडं निघालं म्हणे?" मी भाजी घेऊन निघाले. काकींनाही कोणी ना कोणी ऐकवलं असणार. त्या सांगत नाहीत. मला "ये गं" म्हणून बोलावतात, पण ते बोंबलांचं वाक्य आमच्या दोघींच्या मधे आहे, अजून काही दिवस राहील.

हे मी तुमच्या डेकवर बसून, उरलेल्या प्रिंटच्या पाठीवर लिहितेय. काकी आत आडव्या झाल्या आहेत. वाटलं होतं, लिहून झालं की त्यांना वाचून दाखवावं. दाखवणार नाही.

कारण साहेबांनी मला बाहेर बोलावून शेवटचा प्रश्न विचारला होता, "मॅडम, हे तुम्हाला कधी कळलं?" मी म्हटलं, "माप घेतलं तेव्हा." त्यांनी मान हलवली. ते खरं नव्हतं. नकाशाला शाई भरली त्याच आठवड्यात काकींनी मला जेवायला बोलावलं होतं. वालाचं बिरडं होतं. हात धुवायला मी मागच्या दारात गेले आणि माझं लक्ष हद्दीच्या दगडाकडे गेलं. नुसत्या नजरेने अंतर ओळखायला तोवर तुम्ही मला शिकवलेलं होतं. ते वीस फूट नव्हते. मला त्याच क्षणी कळलं. मी आत आले, तुमच्या शेजारच्या पाटावर बसले, आणि काकींकडे आणखी भात मागितला.